पांढऱ्या मातीची विचारपूस

शेतावरून, ४ जुलै

विहीणबाई,

पत्र पाहून दचकू नका. इथे सगळे खुशाल आहेत. तुमची लेक खुशाल, माझा लेक खुशाल, आणि तुमच्या कारखान्याची खडकाची भुकटी तर सगळ्यांहून खुशाल. मागच्या हंगामात रानात टाकली तशीच्या तशी पडून आहे. परवा ढेकूळ फोडलं तर आत करडी भुकटी, अंगावर ओरखडा नाही. पोत्यावर छापलंय, 'पिकाला स्फुरद देणारे खत'. देतो देतो म्हणत मूठ झाकून बसणारी माणसं पाहिली होती, खत पहिल्यांदाच पाहिलं.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही माझं वाक्य संपू देत नाही. राग मानू नका. हुशार माणसांना घाई असते. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आमची जमीन तुम्ही लग्नाच्या वेळी एकदाच पाहिलीत, तीही गाडीच्या काचेतून. पांढरी, मऊ, उन्हात चमचमणारी. जिप्समची आहे. तिच्यावर आता प्लास्टरवाल्यांचा डोळा आहे. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल खणायचं, माती भट्टीत भाजायची आणि लोकांच्या छतांना लावायची. आमचे चिरंजीव म्हणतात, खालच्या रानातला हरभरा यंदाही भरला नाही तर सही करून टाकू आणि शहरात जाऊ. शहरात म्हणजे तुमच्या शेजारी. सूनबाई यावर काही बोलत नाही. हल्ली ती कशावरच फार बोलत नाही.

मला हे रान सोडायचं नाही. आडपडदा न ठेवता सांगते. तेव्हा तुमची भुकटी आमच्या मातीत विरघळत का नाही आणि विरघळावी म्हणून काय करायचं, एवढं कळवा. सोबत खालच्या रानातली माती पाठवते आहे. पाणी दिलेल्या सरीतली आहे, म्हणून ओली लागेल.

तुमची विहीण

---

प्रयोगशाळेतून, १६ जुलै

विहीणबाई,

पत्र पोचलं, मातीही पोचली. पिशवीची शिवण वाटेत उसवली, त्यामुळे आमच्या आवक टेबलावर तुमच्या रानाचा बराच भाग सांडला. उरली तेवढी पुरेल.

मी कोणाचं वाक्य तोडत नाही. मला शेवट आधी कळतो, एवढंच.

आता भुकटीचं. त्या खडकात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि कॅल्शियम एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी लागलं, मुळांचा आंबटपणा लागला, की खडक थोडा थोडा कॅल्शियम सोडतो आणि त्याच्यासोबत स्फुरदही मोकळा होतो. जिप्सम म्हणजेही कॅल्शियमच, गंधकाच्या जोडीने आलेला. तुमच्या रानातल्या पाण्यात त्याची आधीच एवढी दाटी आहे की खडकाला आपला कॅल्शियम सोडायला जागाच नाही. भरलेल्या घरात आणखी पाहुणे पाठवून उपयोग काय? कारखान्यात आम्ही भुकटीची परीक्षा लिंबाच्या आम्लात घेतो. तिथे ती पहिल्या वर्गात पास होते. तुमच्या रानात लिंबाचं आम्ल नाही, हे पोत्यावर छापायला हवं.

पण नुसत्या तत्त्वावर मी सल्ला देत नाही. खिडकीत कुंड्या मांडते आहे. काहींत नुसती तुमची माती, काहींत भुकटी मिसळलेली, सगळ्यांत हरभरा. माती कोरडी करून तोलायची म्हणून सगळीच्या सगळी आजच ओव्हनमध्ये ठेवली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मातीला हाच नियम आहे.

मुलांचा निर्णय त्यांनी घ्यावा, मी मधे पडणार नाही. माझ्या घरातली मागची खोली मी सहज म्हणून रिकामी केली आहे. खिडकीला पडदाही लावला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तुमची विहीण

---

प्रयोगशाळेतून, ३० ऑगस्ट

विहीणबाई,

निकाल चांगला नाही, म्हणून लवकर कळवते. पहिल्याच पाण्याला कुंड्यांतली माती दगडासारखी घट्ट झाली. भुकटी असलेली आणि नसलेली, दोन्ही. हरभऱ्याचे कोंब वर यायलाच धडपडत होते. जे आले ते पिवळे पडले आणि आता मेले आहेत. खताचा प्रश्न नंतरचा, या मातीत मुळालाच शिरता येत नाही.

खोटी आशा लावणं माझ्या स्वभावात नाही. ही जमीन पिकाची नव्हे, प्लास्टरचीच. मुलांना अडवू नका. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर या, घर मोठं आहे.

तुमची विहीण

---

शेतावरून, ८ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" सूनबाई ताट सारून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आता मी काय म्हणते ते ऐका.

नाचता येईना अंगण वाकडं. माझी माती दगड होते? या रानात मी अनवाणी चालत आले आहे. उंदीर इथे एका रात्रीत बीळ करतात आणि सकाळी दुसरं. पीक रोडावतं, पिवळं पडतं, दाणा भरत नाही, हे सगळं कबूल. पण मूळ शिरत नाही, हे नाही. उपटलेलं झाड पाठवू का? मुळाची लांबी तुमच्या टेबलाबाहेर लोंबेल.

मला एक खटकतं ते सांगून टाकते. मागच्या खोलीला पडदा लागतो आणि दीड महिन्यात माती दगड होते. तुम्हाला हवं होतं तेच उत्तर कुंडीतून निघालं. खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण हव्या असलेल्या उत्तराला माणूस दोनदा तपासत नाही.

म्हणून दोन प्रश्न आहेत. पहिला, माती तुमच्या हाती आल्यापासून तिचं काय काय केलंत, ते क्रमाने लिहा. काही गाळू नका, नेहमीचं म्हणून तर मुळीच गाळू नका. दुसरा, हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. सकाळी रानातून आलं की बोटं आंबट लागतात. तशी आंब मुळालाही असते का? असली, तर भुकटी रानभर विसकटण्याऐवजी नेमकी मुळाखाली ठेवली तर?

तुमची विहीण

---

प्रयोगशाळेतून, १७ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमच्या पत्रावर मी दोन दिवस रागावले होते. तिसऱ्या दिवशी क्रमाने लिहायला बसले, तुमचा संशय खोटा पाडायलाच. पिशवी उघडली. चाळली. ओव्हनमध्ये ठेवली. तोलली. कुंडीत भरली. पाणी घातलं. कुठेच काही चुकलेलं दिसेना.

मग एक कुंडी उलटी करून ठोकली. आतला गोळा अख्खाच्या अख्खा निघाला. कुंडीच्या आत बुडाशी बनवणाऱ्याचा शिक्का आहे. तो त्या गोळ्यावर उमटला होता, उलटा, अक्षर न् अक्षर. माती असं करत नाही. प्लास्टर करतं.

जिप्समच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. दिसत नाही, हाताला लागत नाही. आमच्या ओव्हनच्या आचेला ते उडून जातं आणि मागे प्लास्टर राहतं. वर पाणी ओतलं की ते बसलंच. बाकी मातींना चालणारा नियम मी तुमच्या मातीला लावला. वजनात घट फार आली होती, ती मी ओल समजले. प्लास्टरवाले भट्टीत जे करणार आहेत, तेच मी आधी करून मोकळी झाले आणि वर तुम्हालाच सांगितलं की जमीन प्लास्टरची आहे. कारखान्यात नवीन मुली हे करतील म्हणून मी लक्ष ठेवून असते.

तुमचं दुसरं बोलणंही खरं आहे. कोंब मेले तेव्हा मला बरं वाटलं होतं. लेक येईल असं वाटलं. हे लिहिताना जड जातंय, पण तुम्ही ओळखलंतच, तर लपवून काय करू.

आता कामाचं. सांडलेल्या मातीतली थोडी आवक टेबलाच्या खणात शिल्लक होती, ती सावलीत वाळवून नव्या कुंड्या मांडल्या. एकीत नुसती भुकटी, एकीत लिंबाच्या आम्लात भिजवलेली भुकटी.

आणि हो, हरभऱ्याच्या मुळालाही आंब असते. प्रश्न उत्तम होता. पण एवढ्या कॅल्शियमपुढे ती एकटी पुरणार नाही. तेव्हा भुकटी आधीच शेणखतात मुरवा. ओलं शेणखत, पालापाचोळा, फळांची सालं, जे आंबेल ते. त्यात भुकटी मिसळून ढीग लावा. कुजताना त्यातून आम्लं सुटतात, ती कॅल्शियमला धरून ठेवतात आणि स्फुरद मोकळा होतो. पेरणीला ते खत ओळीत, बियांच्या खाली घाला. विसकटू नका, स्फुरद जागचा हलत नाही. काही ओळी मुद्दाम तशाच सोडा, नाहीतर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

तुमची विहीण

---

शेतावरून, १० ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं पत्रही मी मोठ्याने वाचलं. कुंडीच्या शिक्क्यापाशी सूनबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी हसली. तुम्ही स्वतःची चूक अशी लिहून पाठवाल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन पायऱ्या खाली उतरले, असं समजा.

ढीग लावला आहे. वास येतोय, वाफ येतेय, शेजारीण नाकाला पदर लावून जाते. पण भुकटीत बदल दिसत नाही. ढिगातून मूठभर खत काढलं, बादलीत धुतलं, बुडाशी राहिलेली कच बोटांत चोळली. जशी होती तशीच खरखरीत. तीन ठिकाणांहून काढून पाहिलं. वरच्या थरात जास्त कच, मधल्यात जरा कमी, असं का? ढीग सारखाच मिसळलाय. वारा लागून वरचा थर कमी कुजतो म्हणावं, तर वरचा थर चांगला गरम आहे. वरून पाणी जातं म्हणावं, तर ढीग झाकलेला आहे. माशा बसू नयेत म्हणून मी नेहमीसारखी रानातली माती वर पसरते, जाडसर. तेव्हा वारा आणि पाणी दोन्ही बाद. मग तिसरं काय?

चिरंजीव लांबून बघतात आणि मान हलवतात. प्लास्टरवाले परवा येऊन फीत लावून रान मोजून गेले.

तुमची विहीण

---

प्रयोगशाळेतून, १५ ऑक्टोबर

विहीणबाई,

तिसरं तुम्हीच लिहिलंय. रानातली माती.

तुम्ही आंबट ढिगावर जिप्समचं पांघरूण घातलंत. आम्लं वरच्या थरातल्या जिप्समचा कॅल्शियम आवरण्यात दमतात, खडकापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून वर कच जास्त. नेहमीचं म्हणून गाळू नका असं तुम्हीच मला बजावलं होतं, तेव्हा आता फिट्टंफाट झाली. माती खरवडून काढा, ढीग उलटापालट करा आणि पोत्यांनी झाका. पेरणी थोडी लांबवा.

कुंड्यांचं सांगते. नुसती भुकटी घातलेला हरभरा काहीच न घातलेल्यासारखाच आहे. भिजवलेल्या भुकटीचा मात्र वीतभर उंच, पानं गडद. म्हणजे वाट बरोबर आहे.

एक विचारू का? ढिगाचे तीन थर वेगळे धुऊन पाहायचे, एकेक कारण बाद करत जायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? इथे पदवी घेऊन आलेल्यांना ते सुचत नाही. तुमचे प्रश्न मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखवते. पुढच्या पत्राची वाट पाहते आहे, हे मुद्दाम लिहिते.

तुमची विहीण

---

शेतावरून, २६ फेब्रुवारी

विहीणबाई,

एवढे महिने पत्र नाही म्हणून तुम्ही फोनवर लेकीला खोदून खोदून विचारलंत आणि ती "ठीक आहे" म्हणत राहिली. तिला मीच सांगितलं होतं की दाणा हातात येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. पीक हाती यायच्या आधी पेढे वाटायची मला सवय नाही, अशी म्हण नाही, पण असायला हवी.

काल हरभरा काढला. मुरवलेल्या खताच्या ओळींत घाटे भरगच्च, दाणा टपोरा. तशाच सोडलेल्या ओळींत नेहमीचं रडगाणं. दोन्ही पोती शेजारी ठेवली आणि चिरंजीवांना उचलायला लावली. एक उचललं, दुसरं उचलताना पाय रोवावे लागले. त्यांनी दोन्ही पुन्हा उचलून पाहिली. संध्याकाळी प्लास्टरवाल्यांना फोन करून सांगितलं, "यंदा नाही, पुढेही नाही." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि तिथेच बसले. रडले म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ज्याला मी चार महिने बगल दिली. ढिगाचे थर मी धुतले नाहीत. मी त्यावर माती पसरली, तेवढीच माझी कर्तबगारी. धुतले ते तुमच्या लेकीने. मुळाच्या आंबेचा प्रश्न तिचा. क्रमाने लिहायला सांगा, नेहमीचं गाळू देऊ नका, हेही तिचंच. पडद्याचा टोमणा तेवढा अस्सल माझा. भांडण माझं, प्रश्न तिचे, अक्षर माझं, असं आमचं ठरलं होतं.

तूच का विचारत नाहीस, म्हणून मी तिला विचारलं होतं. ती काय म्हणाली ते तिलाच लिहू दे. माझा अंगठा दुखतो.

तुमची विहीण

---

शेतावरून, २७ फेब्रुवारी

आई,

सासूबाई समोर बसल्या आहेत, पत्र पुरं झाल्याशिवाय उठू देणार नाहीत.

मी लहान असताना काही विचारलं की तू अर्ध्यावरच उत्तर द्यायचीस. उत्तर बरोबर असायचं. पण माझा प्रश्न वेगळाच असायचा, आणि तो तसाच राहायचा. पुढे पुढे मी विचारणंच सोडलं. इथे आल्यावर तर आणखी भीती, कारण काहीही विचारलं असतं तरी तुझं उत्तर ठरलेलं होतं, "परत ये." सासूबाई विहीण आहेत, त्यांना तुला मान द्यावाच लागतो. त्यांच्या आडून विचारलं आणि तू एकेका प्रश्नाला पानपानभर उत्तर दिलंस. प्रश्न उत्तम होता, असं लिहिलंस. ती ओळ मी किती वेळा वाचली, सांगत नाही.

आई, मी येणार नाही. मला इथेच राहायचं आहे. हे मला फोनवर कधीच म्हणता आलं नसतं.

एक गोष्ट अडली आहे. तू सोडायला सांगितलेल्या ओळींत आम्ही काहीच घातलं नव्हतं. पण त्यांतली जी ओळ खताच्या ओळीला लागून होती, तिचाही हरभरा भरला. खताच्या ओळीइतका नाही, पण शेजारणींपेक्षा खूप बरा. तू म्हणतेस स्फुरद जागचा हलत नाही. मी उकरून पाहिलं, त्या ओळीची मुळं खतापर्यंत पोचलेली नव्हती. पाणी उलट्या दिशेने जातं. मग हे कसं झालं?

तुझी लेक

---

घरून, ८ मार्च

बाळ,

प्रयोगशाळेतून नाही, घरून लिहिते आहे. तुझं पत्र तिथे वाचलं आणि नंतर मला काम सुचेना, म्हणून निघून आले.

तू येणार नाहीस याचं वाईट वाटलं. खूप वाटलं, आणि अजून वाटतंय. ते तुला कळावं म्हणून लिहिते, तू काही बदलावंस म्हणून नाही. बाकी जे तू लिहिलंस ते खरं आहे. तुझ्या सासूने पहिल्याच पत्रात मला तेच ऐकवलं होतं, आणि मी त्यांच्यावर उलटले होते.

तुझ्या प्रश्नाला मी आतापर्यंत चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. मुळांच्या बारीक केसांचं एक, बुरशीच्या धाग्यांचं एक, पेरताना खत इकडेतिकडे सांडलं असेल असं एक. चौथं तर मलाच पटत नव्हतं. प्रत्येक उत्तर लिहून झाल्यावर तुझा प्रश्न परत वाचला, तर तू त्याच्या पुढचं काहीतरी पाहिलेलं होतंस.

खरं उत्तर असं की मला माहीत नाही. तू काय काय पाहिलंस ते सगळं लिही, पहिल्यापासून. सावकाश लिही. मी मधे बोलणार नाही.

आई